दादीचं अक्षर

पत्र आलं की दादी ते लगेच वाचायची नाही. हातभर लांब धरायची, डोळे बारीक करून नुसतं बघायची आणि म्हणायची, "पहले हाथ देखो, फिर हाल पढो." हाथ म्हणजे अक्षर. अक्षर थरथरलेलं दिसलं, की आत 'सब ठीक' लिहिलेलं असलं तरी हिचा विश्वास बसायचा नाही.

आमचे हे निर्वासितांच्या कॅम्प पाचच्या कचेरीत कारकून, म्हणून आमची खोली तिच्या बराकीसमोर. फाळणीत सिंधमधून आलेली ती माणसं. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. ती अख्ख्या बराकीची दादी, मग माझी का नाही?

मी माहेरी कार्ड टाकायचे, 'येथे सर्व कुशल, तेथील कुशल कळवावे.' तिने एकदा ते मला वाचून दाखवायला लावलं आणि कपाळावर हात मारला. "अरी, ये चिठ्ठी है के तार? आईला काय जेवली ते लिख. भाजी जली तो वो भी लिख!" लिहिलं. आईचं उत्तर आलं ते समासातसुद्धा गच्च भरून. रडले हो मी ते वाचून!

तिचं स्वतःचं दुःख मोठं होतं. कराचीच्या बंदरावर गर्दीत तिचा थोरला भाऊ सुटला. दुसऱ्या बोटीत चढला, पुढे कुठे गेला देव जाणे. त्याला ती 'अदा' म्हणायची, म्हणजे दादा. जिथे सिंधी लोक वसलेत असं कानावर येई, तिथे ती कार्ड धाडायची. वरचा पत्ता तिचा मुलगा घालायचा, मजकूर तिचा: भावाला शोधतेय, मी इथे राहते, हे दुकानाच्या भिंतीला लावा.

मुलगा म्हणाला, "अम्मा, छापूनच घेऊ ना, ढीगभर."

केवढी भडकली! "मेरे नाम की हजार औरतें! नावावरून अदा काय ओळखणार? हाथ ओळखेल. त्यानेच शिकवलाय, पाटीवर, माझं बोट धरून."

मुलाला अंबरनाथला शिवमंदिराजवळ चांगली जागा मिळत होती. ही हलेना. "सगळीकडे हाच पत्ता दिलाय. अदा आला तर दरवाजा कोण खोलेल?" आम्ही तर मनातून आशा सोडली होती, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी पांढऱ्या दाढीचा एक माणूस बराकीसमोर उभा राहिला. हातात पिवळं पडलेलं कार्ड, अजमेरच्या किराणा दुकानाच्या भिंतीवरून उचकटलेलं, मागे खळ तशीच. दादी त्याच्या गळ्यात पडली आणि मग हुंदके देत त्याच्यावरच खेकसली, "पहले चिठ्ठी तो लिखता!" बराक रडता रडता हसली.

पुढे ती मुलासकट अजमेरला भावाकडे गेली. तिथून मला पत्रं येत. सिंधीत! मला ओ की ठो कळत नसे. कोपऱ्यावरच्या पापडवाल्याकडून वाचून घ्यायचे. काय जेवली, काय जळलं, सगळं असायचं त्यात. पण त्याआधी दारातच कागद लांब धरून तिचा हात बघायचे. शेवटचा फराटा ती लांब ओढायची आणि टोकाशी एक फूल काढायची. त्या फुलावरून अदा लहानपणी रागवायचा म्हणे.

एकदा पाकीट फोडलं. वळण तेच, फराटाही तसाच लांब. फूल नव्हतं. ज्याने तिला शिकवलं, त्याचं अक्षर होतं ते.

ते पत्र मी पापडवाल्याकडे नेलं नाही.