शंकरपाळ्यांची परात आणि शंभर पुंगळ्या

२००५च्या दिवाळीत टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये फराळाच्या आधी एक बातमी घरोघर पोचली: राजाराम म्हणे गॅरेजमध्ये बायकोचं सोनं हातोड्यानं ठेचत होता, आणि ती, शरयू, शेजारी उभी राहून रडत होती. सुमित्रामावशी चकलीचा सोऱ्या परत द्यायला गेल्या तेव्हा त्यांनी स्वतः पाहिलं. आता मावशींनी पाहिलं म्हटल्यावर कोर्टाचं काय काम!

राजाराम जन्मभर रिफायनरीत धातू तपासत आला. रिटायर झाल्यावर जावयाच्या, सत्यजितच्या, नादानं रायफल चालवू लागला. पण जीव जडला तो काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांवर. टूथपेस्टची ट्यूब कापून पुसणारा माणूस तो, एकदा उडवलेली पुंगळी फेकेल कसा? नवी दारू आणि गोळी घालून पुन्हा भरायचा. दर बाराला पुंगळीचा गळा कडक होत जातो आणि शेवटी तडकतो. म्हणून पुंगळ्या पाण्यात उभ्या करून गॅसच्या ज्योतीनं नुसता गळा तापवायचा, की तो मऊ होतो आणि पुंगळी आणखी टिकते. बूड मात्र पाण्यात गारच राहायला हवं. तेच मऊ पडलं, तर बार मागे फुटतो, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर.

या कामाला घरातली मोठी परात ठरलेली. नेमकी ती शंकरपाळ्यांच्या पिठात अडकली, म्हणून त्यानं उथळ थाळी घेतली. शंभर पुंगळ्या तापवल्या, घासून लखलखीत केल्या. त्यांतल्या वीस भरून सत्यजित शनिवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर गेलासुद्धा.

"अहो, परवा तुमची थाळी उचलली ना मी, पाण्याचा टिपूस नव्हता हो तिच्यात," शरयू झारा हलवत म्हणाली.

"सांडलंस?"

"मी कशाला सांडू? तुम्ही गॅस बंद केलात, तेव्हाच कोरडी होती."

राजारामच्या तोंडातला शंकरपाळा तोंडातच राहिला. पाणी कुठल्या पुंगळीपाशी आटलं? पाचव्या की पंचाण्णवाव्या? तापल्यावर पितळेवर उमटणारी रंगाची खूण तर घासून गेलेली. सत्यजित फोन उचलेना. राजाराम गाडी काढून रेंजकडे निघाला. चाळीस मिनिटांची वाट. प्रत्येक लाल सिग्नलला त्याच्या डोळ्यांपुढे जावयाचे डोळे येत होते.

"बाबा, यू केम! दोन मारल्या यार, मस्त बसल्या!"

"तिसरी मारू नकोस!" राजाराम एवढ्या जोरात ओरडला, की अख्खी रेंज थांबली. उरलेल्या अठरा त्यानं तिथल्या माणसाच्या हवाली केल्या आणि घरी येऊन हातोडा शोधला.

गॅरेजमध्ये सोनं नव्हतं. ऐंशी पितळी पुंगळ्या होत्या. त्यांतल्या कोणत्या बुडाशी मऊ पडल्या, हे राजारामला ओळखता येईना, म्हणून त्यानं सगळ्या ठेचल्या. जावई वाचला म्हणून शरयू रडत होती, तेवढं खरं.