लग्नापासूनचं दुखणं

आमच्या घरात आरोग्य विमा पहिल्यांदा कामाला आला, तेव्हा जुना आजार म्हणून माझी नोंद झाली.

राजूरला गणपतीच्या मंदिराकडे जाताना माझं स्टेशनरीचं दुकान आहे. पोळ्याच्या पुरणपोळ्या झाल्या आणि माझ्या बायकोचं, सुमनचं, पोट दुखायला लागलं. "ॲसिडिटी असंल, सोडा पी," असं मी गल्ल्यावर बसूनच निदान केलं. (मी बी.कॉम. आहे.) पुढं एके सकाळी ती भाकरी टाकता टाकता पोट धरून खालीच बसली, तेव्हा माझी बी.कॉम.ची डॉक्टरकी संपली. जालन्याला नेलं. पित्ताशयात खडे! दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं.

भरती करताना तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताई, कधीपासून दुखतंय?"

सुमननं माझ्याकडं पाहिलं. "लग्न झाल्यापासून!"

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"पंचवीस."

बाई मान खाली घालून लिहीत होत्या. मी हसलो. हसायला नको होतं!

दुपारी विम्याच्या खिडकीवरच्या मॅडमनी बोलावलं. "कंपनीनं मंजुरी अडवली. पॉलिसी अडीच वर्षांची, आजार पंचवीस वर्षांचा! काढताना सांगितला का न्हाई? अन् सांगितला असता तरी जुन्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागतं."

"मॅडम, तो आजार न्हाई. तो मी आहे!"

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी आजारासारखाच उभा होतो.

तेवढ्यात शहागडहून आलेले सुमनचे भाऊ, दत्ताभाऊ, मदतीला धावले. "बराबर लिहिलंय की, मॅडम! माहेरी होती तवा दगड पचवायची. खडे ह्यांच्याकडं झाले!"

"भाऊ, तुम्ही चहा पिऊन या!" मी ओरडलो.

मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरांनी पेशंटला पुन्हा विचारून लेखी खुलासा दिला, तर बघू. न्हाईतर उद्याचं ऑपरेशन पुढं जाईल."

मी वॉर्डात पळालो. सुमन कुशीवर पडली होती, कपाळावर घाम. सोडा आठवून मलाच कसंतरी झालं.

"सुमन, डॉक्टर परत विचारतील. आपलं लग्न मध्ये आणू नको."

"मंग खोटं बोलू का?"

"पोटाचं खरं सांग. माझं राहू दे."

डॉक्टरीणबाई आल्या. "ताई, पोट कधीपासून दुखतंय?"

"पोळ्यापासून. त्याच्याआधी बिलकुल न्हाई."

"मग ते पंचवीस वर्षांचं?"

"ते ह्यांचं," सुमन म्हणाली. मग चादरीखालून माझा हात धरला. "पण कमी होऊन राह्यलंय."

बाईंनी खुलासा लिहिला, पण त्यात माझ्यात पडलेला फरक घेतला नाही! संध्याकाळच्या आत मंजुरी आली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, आणि सुमन घरी येऊन पुन्हा खणखणीत आवाजात माझ्यावर ओरडायला लागली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

परवा पॉलिसी वाढवायची म्हणून एजंट घरी आला. मी म्हणालो, "माझी आणखी मोठी करा."

"काकू, काकांना काही जुना त्रास?"

"ह्यांना कशाचा त्रास? ह्यांचा आहे."

"मग तसं लिहू का?"

"नका लिहू," सुमन म्हणाली. "हप्ता वाढंल."

लपवलेला आजार पुढं महागात पडतो, हे मला आता पक्कं माहीत आहे. पण मी आजार असल्यामुळं गप्प बसलो.