मुंग्या न आलेला चौक

मासवणच्या एका घरात भिंतीवर लिहिल्या जाणाऱ्या लग्नाच्या चौकात मी कारखान्याचा रंग मिसळला आणि विचारल्यावर खोटे बोललो. हे मी यंदापर्यंत कोणालाही सांगितलेले नव्हते.

बोईसरच्या एका कारखान्यात मी रंगाच्या शेड जुळवतो. समुद्रकाठच्या काळ्या वाळूतील खनिजापासून टायटॅनियमचा शुभ्र पांढरा तयार होतो, याचे मला अजूनही नवल वाटते. त्याची प्रत आम्ही झाकण्याच्या ताकदीवरून ठरवतो. खालचे जितके कमी दिसेल, तितका तो सरस.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका वारली सहकाऱ्याच्या बहिणीचे लग्न होते. त्याची आई गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक, म्हणजे लग्नातले देवीचे चित्र, लिहीत होती. गावात तिच्या हाताला मान होता. मला पाहताच ती बायकांना म्हणाली, "रंगवाला आला गं, भिंत सांभाळा!" सगळ्या हसल्या.

मला मात्र ती ओली रेघ फिकी वाटली. शेड वाळल्यावरच पाहावी, हा माझ्याच धंद्यातला पहिला धडा मी विसरलो. ती पाणी आणायला उठली, तेव्हा पिशवीतली त्या पांढऱ्याच्या नमुन्याची डबी मी तिच्या वाटीत रिकामी केली.

"दादा, काय टाकलंस का यात? लय उजळलंय."

"नाही, आई. तुमचंच पीठ आहे. जरा ढवळलं."

त्या घरात लग्नानंतर भिंतीवरचे पीठ मुंग्या हळूहळू घेऊन जात. मुंग्यांनी नेला म्हणजे चौक देवीला पोचला, असे ती मानत असे. त्या वर्षी मुंग्या आल्या नाहीत. पावसाळा सरला, तरी चौक तसाच पांढराफेक राहिला.

"आई म्हणते, देवीने घेतला नाय," सहकारी एकदा जेवताना म्हणाला. "आता कोणाकडं चौक लिहायला जात नाय ती."

मी मान हलवली आणि डबा संपवला. रंगातले मला कळत होते. एका वाक्याने तिचा हात तिला परत मिळाला असता, हेही कळत होते. मला माझी अब्रू अधिक प्रिय होती.

यंदा तिच्या नातीचे लग्न निघाले. मीही गेलो होतो. भिंतीला नवा गेरू लागला, वाटीत पीठ कालवले गेले.

"आजी, देवी तरी तूच लिही ना!" नात म्हणाली.

तिने हात पदराखाली घेतले. "माझ्या हातचं नाय घेत ती. तुमी लिहा."

"बघा, आजीचे नखरे!" पोरी हसल्या. ती हसली नाही.

मी उठून तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आई, त्या चौकात मी कारखान्याचा रंग घातला होता. म्हणून मुंग्या आल्या नाहीत. देवीनं तुमचा हात नाकारला नव्हता. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. मला माफ करा."