कमी फेसाचा शॅम्पू

पार्लरमध्ये बेसिनवर मान टाकून डोळे मिटता, तेव्हा डोकं चोळणारे हात कसे आहेत हे कधी मान वळवून पाहिलंत का? नसेलच पाहिलं. पाहिलं असतं तर उठून पळाला असतात.

मावशीचे हात तसे होते. पार्लरमध्ये तिला सगळे मावशीच म्हणत. आरसे, खुर्च्या, कात्र्या बाकीच्यांच्या. मावशीची फक्त मागची बेसिनं. बायका केसांत जेल, सीरम, स्प्रे असा थरावर थर चढवून येत. तो चिकट थर निघावा म्हणून सल्फेटवाला, भरपूर फेसाचा जहाल शॅम्पू, आणि मग तोच सरसकट साध्या डोक्यांनाही. मावशीच्या बोटांना भेगा पडल्या. भेगांत शॅम्पू गेला की जीव कळवळायचा. हातमोजे घालावेत तर त्यात केस ओढले जातात, गिऱ्हाईक ओरडतं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हा शॅम्पू सोडा, नाहीतर काम सोडा."

काम सोडून खायचं काय? नवरा अंथरुणाला खिळलेला. मावशीने मालकिणीच्या हातापाया पडून सल्फेट नसलेला सौम्य शॅम्पू मागवून घेतला. जहाल तो फक्त थर साचलेल्या डोक्यांना, तोही कधीमधी. बाकीच्यांना सौम्य, जरा जास्त वेळ चोळायचं, भरपूर पाणी सोडायचं. भेगा मिटू लागल्या. मावशी चक्क गुणगुणू लागली.

आणि मग एक नेहमीच्या बाई आल्या.

"अगं मावशी, फेस कुठाय? नुसतं पाणी मारतेस की काय?"

"ताई, हा कमी फेसाचाच असतो. केस स्वच्छ होतात, बघा तरी."

"फेसाशिवाय धुतल्यासारखं वाटतच नाही बाई! शॅम्पूतही पाणी घालायला लागलात का आता?"

हे मालकिणीने ऐकलं. झालं! सौम्य बाटल्या कपाटात, जहाल डबा पुन्हा बेसिनवर.

"मावशी, माझं दुकान बुडवायला बसलीस का गं?"

भेगा पुन्हा उकलल्या, आता रक्तासकट. मावशी चिकटपट्ट्या गुंडाळून धूत राहिली. पट्ट्या भिजून निसटायच्या. एक दिवस त्याच बाईंच्या केसांत एक पट्टी अडकली. बाई किंचाळल्या, "शी! हिला काय रोगबिग आहे का? दुसरी कुणी द्या मला!"

रोग! अहो, तो तुम्ही मागितलेल्या फेसाने दिला तिला!

मालकिणीने दुसरी बाई आणली. मावशीने तिला पाणी कोमट कसं ठेवायचं तेवढं दाखवलं आणि एप्रन काढून दिला. आता ती भांडी घासायचं काम मागत दारोदार फिरते. बायका आधी हात बघतात, मग "कळवते हं" म्हणून दार लावतात. कळवत कुणीच नाही.

तुम्हाला एवढंच मागणं आहे. जेल, सीरम बेतानं लावा, टाळूला चोळू नका, म्हणजे थर साचणार नाही आणि जहाल शॅम्पूही लागणार नाही. आणि बेसिनवर फेस कमी दिसला, तर कृपा करून गप्प बसा.