परवा म्हणजे कधी?

मी आगाऊ होते, हट्टी होते, अकरा वर्षांची होते. पण खोटारडी? छे! अजून आठवलं की डोकं भणभणतं.

हैदराबादेत, काचीगुड्यात आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब राहायला आलं होतं. काका कॉम्प्युटर कंपनीत. गल्लीत नुकतीच केबल आलेली, आणि त्यांच्याकडे रिमोटचा रंगीत टीव्ही! दिवाळीच्या सुट्टीत काकूंनीच तो रिमोट माझ्या हातात दिला. मी चार चॅनल फिरवले आणि ठेवून दिला. बस्स, एवढंच.

पुढे संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे झालं. ही बायकापोरांची गर्दी! मीही आईबरोबर गेले होते. त्यात कुणीतरी रिमोट पाडून फोडला. दोन दिवसांनी काकू आमच्या दारात.

"रिमोटला हात लावला होतास का गं?"

"हौ, लावला की."

"कधी?"

"परवा."

झालं! काकूंनी आईकडे बघितलं. "बघा, स्वतःच कबूल करतेय."

आता आमच्या हैदराबादेत परवा म्हणजे मागे कधीतरी. इथल्या उर्दूतला 'परसों' असाच सैल, तोच आमच्या मराठीत शिरलेला. आजोबांच्या तोंडी तर निजामसुद्धा परवाच गेला होता. आई माझ्या जन्माआधीची शिलाई मशीन 'परवा घेतली' म्हणायची.

"अहो, दिवाळीतलं परवा!" मी ओरडले.

काकू हसल्या. "दिवाळी परवा होती? खोटं तरी धड बोल."

मी आईकडे बघितलं. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं तिनं. ती पदराशी चाळा करत उभी. मग म्हणाली, "काकूंची माफी माग."

मागितली. न केलेल्या गुन्ह्याची माफी, तीही मान खाली घालून.

काकू जिना चढून गेल्यावर मी आईवर तुटून पडले. "तुला तर ठाऊक होतं ना!"

"हौ, ठाऊक होतं," आई हळूच म्हणाली. "पण त्या पुण्याच्या. आपल्याला मराठी नीट येत नाही, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

म्हणजे पोरगी खोटारडी ठरलेली चालली तिला. आमची मराठी चुकीची ठरलेली चालली नाही.