कावळ्यासाठी तळलेली फुलं

भोपळ्याचं फूल हे तळायची वस्तू आहे असं ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं, त्याला स्वतःला गॅससमोर उभं राहावं लागलं नसणार. पातळ, लुळं, हात लावला की फाटणारं फूल. त्यात खोबरं-गुळाचं चून भरा, पाकळ्यांची टोकं पिळून तोंड बंद करा, तांदळाच्या सरसरीत पिठात बुडवा आणि तेलात सोडा. एवढं करून ते तेलात तोंड उघडतंच. गूळ बाहेर येतो, तेल काळं पडतं, आणि तळणारीच्या हातावर चटके उठतात.

हे सगळं मी फोनवरच बाबांना सांगितलं होतं. पण बाबा ऐकतील तर शपथ.

"यंदा म्हाळाक फुलां व्हयीत," ते म्हणाले. "तुझ्या आवशीक आवडायची."

"बाबानू, आयेक गोड खंय आवडायचा?"

"तुका काय म्हायत? दरवर्षी ती करायची मां?"

करायची. करायची म्हणजे आवडायची, हा बाबांचा हिशेब. मग ती केरही काढायची, तोही तिला आवडत असणार. पण हे काही मी बोलले नाही, कारण यंदाच्या म्हाळाचं, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाचं, त्यांनी किती मनाला लावून घेतलंय हे मला ठाऊक होतं. आई सवाष्ण गेली, म्हणून तिचा म्हाळ अविधवा नवमीला. गेल्या वर्षी त्या दिवशी वाडी ठेवली, म्हणजे केळीच्या पानावर तिच्या नावाचं जेवण वाढून बाहेर गडग्यावर, दगडी कुंपणावर ठेवलं, आणि कावळा काही शिवला नाही. दुपार कलली तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला आणि सगळे जेवले. बाबा सोडून. "ती माझ्यार नाराज आसा," एवढं एकच वाक्य ते बोलले, आणि त्यानंतर वर्षभर तेच बोलत राहिले.

नुसतं बोलले असते तर ठीक. त्यांनी कावळे पोसायला घेतले. रोज सकाळी गडग्यावर भात, वर बिस्किटं. भावाच्या मुलांना चहाबरोबर दोन आणि कावळ्यांना पुडाच्या पुडा. वहिनी मला फोन करून सांगायची, "तुमचे बाबा आता कावळ्यांना नावं द्यायला लागलेत." हेतू स्पष्ट होता. यंदा ओळखीचे कावळे असतील तर नाही म्हणणार नाहीत.

तर नवमीच्या आदल्या संध्याकाळी मी बांद्याहून कसालला उतरले आणि रिक्षाने घरी आले. दारातच बाबा उभे. चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचं समाधान. हाताला धरून मला स्वयंपाकघरात नेलं आणि पातेलं दाखवलं. पातेल्यात पाणी आणि पाण्यात भोपळ्याच्या कळ्या. मिटलेल्या, घट्ट, हिरव्या.

"ह्यां काय करून ठेवल्यात बाबानू?"

"सकाळी घाई जाता. आताच काढून ठेवलंय. पाण्यात उमलतली."

मी कपाळाला हात लावला. भोपळ्याचं फूल पहाटे वेलावर उमलतं आणि उमललं की काढायचं, हे आमच्या परड्यातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. पण बाबांचा मुद्दा वेगळाच होता. म्हाळाच्या दिवशी आंघोळीआधी वेलाला हात लावायचा नाही, आंघोळीनंतर भटजी येणार, मग फुलं काढणार कधी? आई काढायची की, मी म्हटलं. आई पहाटे उठून आंघोळ करून काढायची. आई किती वाजता उठायची हे त्यांना सांगता आलं नसतं, कारण तेव्हा ते झोपलेले असायचे.

आणि पातेल्यात हात घातला तर आणखी कहर. वेलावर दोन जातीची फुलं असतात. एकाच्या बुडाशी नुसता दांडा, दुसऱ्याच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा. तळायला दांड्याची काढायची, भोपळ्याची राखायची. बाबांनी सरसकट सगळ्यांवर हात मारला होता. यंदाचे सगळे भोपळे पातेल्यात. वहिनी दारातून बघत होती. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि खीर तिने स्वतःकडे ठेवली आणि फुलं माझ्या गळ्यात मारली. शहाणी आहे.

सकाळी आंघोळ करून मी कामाला लागले. कळ्या अर्थातच उमललेल्या नव्हत्या. बोटांनी हळूच उलगडायला गेलं की टर्रकन फाटायच्या. आतला कडू तुरा काढायचा तर अख्खं बोटच आत घालावं लागे. त्यात बाबा खुर्ची घेऊन स्वयंपाकघरात बसलेले. आधीच उल्हास, त्यात हे.

चून शिजवून कोरडं करायला घेतलं तर म्हणाले, "तुझी आवस कच्चोच गूळ घालायची."

"कच्चो घातल्यार फुटतली."

"तिची फुटायची नाय."

तिची फुटायची. मी बघितलंय. पण म्हाळाच्या दिवशी भांडण नको म्हणून मी कच्चा गूळ घातला, आणि मग जे व्हायचं तेच झालं. पहिलं फूल तेलात पडल्या पडल्या उघडलं. दुसरं फुटलं. तिसऱ्याचं चून अर्ध्या कढईभर पसरलं. फुटलेली झाऱ्याने काढून मी ॲल्युमिनियमच्या जुन्या झाकणात टाकत गेले. चाखायचीही सोय नाही, कारण कावळा शिवेपर्यंत म्हाळाच्या स्वयंपाकातलं काही तोंडात घालायचं नसतं. मिठाचा अंदाज डोळ्यांनी, गोडाचा अंदाज देवाच्या भरवशावर. माझ्या मनगटावर दोन फोड आले तेव्हा मी मनातल्या मनात आईलाही दोन शब्द सुनावले. एवढं कटकटीचं करायला तुला सांगितलं होतं कुणी?

सगळ्या कळ्या संपल्या तेव्हा धड अशी सात फुलं हाती आली. सोनेरी, कुरकुरीत, तोंडं बंद. बाबांनी त्यातली पाच स्वतः निवडून केळीच्या पानावर लावली, वड्यांच्या शेजारी, अशी की आभाळातून बघणाऱ्याला पहिली तीच दिसावीत.

विधी झाला. बाबांचे गुडघे खाली बसू देत नाहीत म्हणून भाऊ पाटावर बसला होता. त्याने पान उचलून गडग्यावर ठेवलं, पाणी फिरवलं आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. भुरभुर पाऊस. समोरच्या माडावर कावळे ओळीने. बाबांचेच. वर्षभर बिस्किटं खाल्लेले.

एकही हलेना.

एक खाली आला, गडग्यावर बसला, मान वाकडी करून पानाकडे बघितलं आणि उडून गेला. मग दुसरा आला, त्याने तेवढंही केलं नाही. भटजी घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढे अजून दोन घरं होती. म्हाळाला आलेल्या काकांना साखर आहे. ते वहाणा चढवत म्हणाले, "माझी गोळी कधीच पोटात गेली. आता माका घेरी येतली." वहिनीने त्यांना गपचूप पाणी दिलं. आतून वड्यांचा वास येत होता आणि मुलं रडवेली झाली होती.

मग सुरू झालं आमचं नेहमीचं. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते शोधायचं आणि मोठ्याने वचन द्यायचं. भाऊ पुढे झाला. "आये, बाबांका मी बघतंय. तू काळजी करू नको." कावळा नाही. वहिनी म्हणाली, तुळशीला रोज पाणी घालीन. कावळा नाही. काका म्हणाले, आईचा जीव म्हशीत होता, म्हैस विकली ते तिला पटलं नसेल. म्हैस विकून कित्येक वर्षं झाली होती, आणि ती आईनेच विकायला लावली होती. मला इतकी भूक लागली होती, आणि इतका संताप आला होता, की मी काहीच वचन दिलं नाही. काय देणार? पुन्हा फुलं तळीन म्हणून?

भटजी हळूच म्हणाले, "दर्भाचा करूया का?"

"नको," बाबा म्हणाले. "गेल्या वर्षी केलो तो पुरे."

ते पावसात उभे होते, छत्री न घेता. धोतराची कड भिजून पायांना चिकटलेली. पानावरची पाच फुलं आता मऊ पडायला लागली होती. बाबा त्यांच्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"फुटलेली खंय आसत?"

"गॅसकडे. झाकणात. कित्याक?"

ते आत निघाले. मी मागून म्हटलं, "बाबानू, वाडीक कोण फुटकी ठेवता काय?" आणि तेवढ्यात मला ते दिसलं, जे मी लहानपणापासून दर पावसाळ्यात बघत आले होते आणि कधी बघितलं नव्हतं. आई कढईपाशी उभी. धड फुलं बाबांच्या ताटात, मग भावाच्या, मग माझ्या. फुटलेली झाकणात. सगळ्यांची जेवणं झाली की ती गॅसचं बटण बंद करायची, कोरा चहा घ्यायची आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या झाकणातलं खायची. आई, धड एक घे की, असं कुणी म्हटलंच तर म्हणायची, "माका फुटलेलीच आवडतत. गूळ कसो कडक जाता." आम्ही खरं मानलं. सोयीचं होतं.

बाबा झाकण घेऊन आले. पानात वाढायच्या भानगडीत पडले नाहीत. तेलाने माखलेलं, दांडा तुटलेलं ते झाकण त्यांनी तसंच पानाशेजारी गडग्यावर ठेवलं.

"घे गो," ते माडाकडे बघून म्हणाले. "ही तुझी."

आणि मागे सरायचं विसरून तिथेच उभे राहिले.

कावळा आला. झाकण चकाकतं म्हणून आला असेल, किंवा बाबांच्या हातून खायची सवय म्हणून. मी काही वाद घालत नाही. पानावर पाय देऊन तो पलीकडे गेला, झाकणात चोच घातली, झाकण दगडावर खडखडलं, आणि एक काळंकुट्ट फूल घेऊन तो माडावर जाऊन बसला. काकांनी मोठा सुस्कारा सोडला आणि वहाणा काढून थेट आत जेवायच्या पानावर जाऊन बसले.

जेवणात बाबांना मी उरलेली दोन धड फुलं वाढली. ती वेगळी ठेवली होती. त्यांनी ती उचलून माझ्या ताटात टाकली आणि झाकण मागितलं. मी म्हटलं, कावळ्याचं उष्टं ते. ते म्हणाले, हाड. मी आणून दिलं.

त्यांनी त्यातलं एक तोंडात घातलं आणि चावत राहिले. मग दुसरं घेतलं. मला हात लावू देईनात.

"तेलकट आसत गो," थोड्या वेळाने ते म्हणाले. "गूळ करपलेलो. कडू लागता."

"मग खाताय कित्याक?"

त्यांनी तिसरं उचललं.

"आणि म्हणायची, माका फुटलेलीच आवडतत," बाबा म्हणाले, आणि झाकण रिकामं होईपर्यंत खात राहिले.