कच्चा दोरा

अण्णांना आपली मुलगी ओळखू येईनाशी झाली तेव्हा ताईला वाईट वाटलं, हे खरं. पण पूर्ण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही. मुलगी म्हणून ती तीस वर्षं बापाच्या शेजारच्या मशीनवर बसली होती. तीस वर्षांत 'बरं झालंय' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. तिने शिवलेली कॉलर ते उलटसुलट करून बघायचे. बाजूला ठेवली म्हणजे पास, उसवायला परत दिली म्हणजे नापास. आता मात्र ते तिला दुकानात नव्याने लागलेली कारागीर समजत होते, आणि परक्या बाईशी माणूस जरा बरं वागतो. एकदा तिने केलेलं काज डोळ्यांशी धरून ते म्हणाले, "बाई, हात बरा आहे तुमचा. कुणाकडे शिकलात?"

"माझ्या वडिलांकडे," ताई म्हणाली.

"माणूस जाणता असणार," अण्णा म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. कापायचं लांब टेबल, दोन मशीन, भिंतीला उंच आरसा. मागच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि दोन खाटा. अण्णांना एक्याऐंशीवं चालू होतं, ताईला चोपन्नावं. ताईचं लग्न झालं होतं, चार वर्षांत मोडलं. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगण्यात ताईलाच रस नाही. अण्णांना अख्खी गल्ली मास्तर म्हणायची. गिऱ्हाईक दारातून टेबलापर्यंत येईतो त्याचा कुठला खांदा उतरलाय हे त्यांनी टिपलेलं असायचं, टेप नंतर लागायची. तेच मास्तर आता पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून बसायचे. चहा पिऊन कप खाली ठेवला की चहा दिला नाही म्हणून रुसायचे. अंघोळीला तर रोजची लढाई. परक्या बाईसमोर कपडे कसे काढायचे, हा त्यांचा सवाल, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर बिनतोड.

सल्ला द्यायला मात्र माणसं कमी नव्हती. कुणी म्हणालं बदाम द्या, कुणी म्हणालं जुनी गाणी लावा, कुणी म्हणालं कोडी सोडवायला बसवा. यांपैकी कुणीही कधी तासभर येऊन अण्णांजवळ बसलं नाही. ताई सगळ्यांना हो म्हणायची. भांडायला लागणारी ताकद तिला अंघोळीसाठी राखून ठेवावी लागे.

ताईचा धाकटा भाऊ पाच तासांच्या अंतरावर राहायचा आणि दर रविवारी फोन करायचा. मनाचा वाईट नव्हता. अशा आजाराच्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था त्याने शोधून ठेवली होती. तिथे दीड वर्षापूर्वी नाव लावलं होतं, आता एक खाट रिकामी झाली होती आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ताईच्या तब्येतीची काळजी, स्वतःच्या मनाला लागलेली टोचणी, सगळं तो एका दमात बोलून टाकायचा. ताईचं उत्तर ठरलेलं होतं.

"अण्णा अजून काम करतात. ज्या दिवशी त्यांचं काम थांबेल, त्या दिवशी मीच तुला फोन करीन."

यात थाप नव्हती. कपडा मशीनवर घेण्याआधी त्याचे तुकडे हाताने लांब लांब टाके घालून जोडून घेतात. त्याला कच्चा दोरा म्हणतात. पक्की शिलाई झाली की तो ओढून काढून टाकायचा. गडद कापडावर दिसावा म्हणून तो पांढरा असतो. ताई गिऱ्हाइकांचे काळे-निळे कोट शिवायची आणि शिवून झाले की अण्णांसमोर ठेवायची. अण्णा उसवणीच्या अणकुचीदार टोकाने एकेक टाका उचलून दोरा अलगद बाहेर काढायचे. पक्क्या शिलाईला कधी ओरखडा नाही. नाव गेलं, गाव गेलं, बायको वारली हेसुद्धा गेलं, पण बोटांतलं हे राहिलं होतं. सकाळचे दोन तास आणि दुपारचे दोन. त्या चार तासांत घरात दोन कारागीर असायचे, आजारी कुणी नसायचं. ताईला तेवढं पुरत होतं. ते हातचं जाऊ नये एवढंच तिचं मागणं होतं.

मग दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांचं काम आलं. चाळीस कोट, सोमवारी सकाळी द्यायचे. पांढऱ्या कापडावर कच्चा दोरा लाल घालायचा, हा अण्णांचाच नियम, त्यांनी ताईला ती दहा वर्षांची असताना शिकवलेला. या वेळी ताईने कच्चे टाके घातलेच नव्हते. हात बसलेला होता, सरळ मशीनवर घेतलं होतं. शनिवारी दुपारी बटणं कमी पडली म्हणून ती बाजारात गेली. शिवून झालेले कोट टेबलावरच होते. लाल दोरा नाही म्हणजे अण्णा हात लावणार नाहीत, असा तिचा हिशोब. शेजारणीला दाराशी बसवून ती पाऊण तासासाठी म्हणून बाहेर पडली. बाजारात गर्दी होती, पाऊण तासाचा दीड तास झाला.

अण्णांकडे नियम अर्धाच उरला होता. पांढरा दोरा दिसला की काढायचा, एवढाच. ताई परत आली तेव्हा टेबलावर बाह्यांचा एक ढीग होता, कॉलरींचा एक, आणि पाठींचा एक. आठ कोट सुटे झाले होते. कापड कुठेही फाटलेलं नव्हतं, इतकं ते काम सफाईने केलेलं. शेजारीण दाराशी निवांत बसलेली. मास्तर कामात आहेत, छान शांत आहेत, असं तिने कौतुकाने सांगितलं. अण्णांनी मान वर केली. गालावर चक्क लाली आली होती.

"झालेच आहेत, बाई. उरलेले आणा."

पुढे जे झालं ते ताई अजून कुणाला सांगत नाही. टेबलावरची लाकडी पट्टी तिच्या हातात आली आणि तिने ती अण्णांच्या बोटांवर मारली. एकदाच, पण जोरात. आई गेल्यावरही ती इतकं मोठ्याने ओरडली नव्हती. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी उसवणी खाली ठेवली, डोळे मिटून घेतले आणि दुसरा हात पुढे केला. लहानपणी ते ज्यांच्याकडे काम शिकले ते एका हातावर मारून थांबत नसत.

ताईच्या हातातली पट्टी गळून पडली. तिने तो पुढे केलेला हात धरायला आपला हात लांबवला, आणि अण्णांनी स्वतःचा झटकन मागे घेतला.

कोटांचं काही बिघडलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याने शिवायला हातभार लावला, ते एक दिवस उशिरा गेले, कुणी चकार शब्द काढला नाही. बिघडलं ते वेगळंच. अण्णांना दुसऱ्या दिवशी मार आठवत नव्हता, कोट आठवत नव्हते. भीती तेवढी आठवत होती. हे जरा अतीच झालं. देवाने सगळं पुसायचं आणि नेमकं एवढं ठेवायचं, याला काय म्हणावं? ताई खोलीत आली की ते उठून उभे राहायचे. बसले असले तर दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायचे. घास तिने भरवला तर तोंड मिटून घ्यायचे, शेजारणीने भरवला तर खायचे. तिने काळा कोट समोर ठेवला, पांढऱ्या दोऱ्याचा. नुसत्या चिंध्यांना टाके घालून ठेवले. अण्णांनी कशालाच हात लावला नाही. ती रोज सकाळी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून म्हणायची, "अण्णा, माझं चुकलं." ते घाईघाईने मान हलवायचे. मोठ्या माणसाला राग येऊ नये म्हणून मूल हलवतं तशी.

सहाव्या दिवशी ते खुर्चीतच ओले झाले. बाथरूमला जायचंय हे ताईला सांगायची त्यांची हिंमत झाली नव्हती. ताईने फरशी पुसली, शेजारणीच्या नवऱ्याकडून त्यांचे कपडे बदलून घेतले, आणि भावाला फोन लावला. काम थांबलं का, असं त्याने विचारलं. ताई हो म्हणाली. बाकीचं तिच्याच्याने बोलवलं नाही.

महिनाअखेरीला धाकटा गाडी घेऊन आला. ताईने बॅग भरली होती. प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूने नाव शिवलं होतं, औषधांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहिल्या होत्या, पायांना कुठलं तेल लावायचं तेही. अण्णांनी मुलालाही ओळखलं नाही, पण हा कुणी भला गृहस्थ आहे असं त्यांचं मत झालेलं दिसलं. त्याचा दंड धरून ते लगबगीने चालले. गेल्या वर्षभरात ते असे चालले नव्हते. गाडीचं दार उघडताच आपण होऊन आत बसले.

ताई बॅग त्यांच्या पायाशी ठेवायला वाकली. अण्णा सीटवर पलीकडे सरकले, आणि धाकटा स्टिअरिंगवर बसल्यावर पुढे झुकून त्याच्या कानाशी लागले. ऐकू कमी येणारी माणसं कुजबुजतात तेही मोठ्याने.

"साहेब, लवकर काढा गाडी. आणि मी कुठे जातोय ते त्या बाईंना सांगू नका."

धाकट्याने उघड्या दारातून ताईकडे पाहिलं. ताईने हळूच मान डोलावली.

"नाही सांगत," तो म्हणाला, आणि अण्णांनी मांडीखालचे हात बाहेर काढले.